स्प्रिंटच्या आत वापरसुलभता चाचणी : सोलापुरातील लहान टीमसाठी कार्यपद्धती

सोलापुरातील एखाद्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यासाठी तीन-चार अभियंत्यांची टीम ऑर्डर नोंदवण्याचे मोबाइल ॲप तयार करत आहे, असे समजू. बटण दाबल्यावर नोंद साठते का, बिल बरोबर निघते का, इंटरनेट गेल्यास माहिती हरवते का, हे सर्व टीम स्वतः तपासू शकते आणि तपासतेही. मात्र कारखान्यातील दिवाणजींना, शेजारी कोणी सांगायला उभे नसताना, ते ॲप वापरता येईल का, या प्रश्नाचे उत्तर टीमला आपल्या खुर्चीत बसून मिळत नाही. त्यासाठी ॲप प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या हातात द्यावे लागते, त्याच्या रोजच्या व्यवहारातले काम त्याला सांगावे लागते आणि तो ते कसे करतो हे मध्ये न बोलता पाहावे लागते. यालाच वापरसुलभता चाचणी म्हणतात. अनेकदा ती सर्व काम संपल्यावर, ॲप लोकांच्या हाती जाण्याच्या तोंडावर केली जाते, आणि तेव्हा काही बदलण्याइतका वेळही उरलेला नसतो आणि पैसाही. माझे ठाम मत असे आहे की, ही चाचणी अगदी लहान प्रमाणात का होईना, प्रत्येक स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या प्रत्येक ठरावीक मुदतीच्या छोट्या टप्प्यात, झाली पाहिजे आणि तिच्यातून जे दिसेल त्यासाठी पुढच्या स्प्रिंटमध्ये आधीच जागा राखून ठेवलेली असली पाहिजे.

पैसे देणारा आणि वापरणारा

२००१ साली अमेरिकेतील युटा राज्यात १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी एकत्र येऊन ॲजाइल, म्हणजे छोट्या टप्प्यांत आणि बदल स्वीकारत सॉफ्टवेअर बनवण्याच्या रीतीचा, जाहीरनामा तयार केला. त्यातील चार मूल्यांपैकी एक मूल्य कराराच्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकाच्या सहभागाला अधिक मानते, तर दुसरे ठरलेली योजना पाळण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देण्याला. ही मूल्ये मोलाची आहेत. परंतु आपल्याकडे ती अमलात आणताना ग्राहक म्हणून जो समोर बसतो तो बहुधा पैसे देणारा कारखानदार असतो. ऑर्डर प्रत्यक्षात नोंदवतात दिवाणजी, माल मोजून बांधायला लावतो मुकादम, आणि ऑर्डर देणारा दुकानदार हैदराबादला किंवा इंदूरला असतो. या तिघांपैकी कोणीही स्प्रिंटच्या शेवटी होणाऱ्या आढावा बैठकीला येत नाही. त्या बैठकीत ॲप टीमच चालवून दाखवते, कुठे बोट ठेवायचे हे तिला पाठ असते, आणि त्यामुळे सर्व काही सुरळीत दिसते. म्हणून आढावा बैठकीला चाचणी मानू नये.

स्क्रम या ॲजाइल कार्यपद्धतीत स्प्रिंट एक महिना किंवा त्याहून कमी मुदतीचा असतो. लहान टीमला दोन आठवड्यांचा स्प्रिंट सोयीचा पडतो. अशा स्प्रिंटमध्ये दुसऱ्या आठवड्याचा एक ठरावीक दिवस, उदाहरणार्थ बुधवार, चाचणीसाठी कायमचा राखून ठेवावा. त्या दिवसापर्यंत जेवढे तयार असेल तेवढेच दाखवावे. ‘अजून हे पूर्ण झालेले नाही, पुढच्या वेळी दाखवू’ असे एकदा म्हटले की ते प्रत्येक वेळी म्हटले जाते. दिवस आधी ठरलेला असला आणि माणसे आधी बोलावलेली असली, तर ही पळवाट उरत नाही. गुरुवारी चर्चा, शुक्रवारी आढावा आणि पुढच्या सोमवारच्या नियोजनात चाचणीचे निष्कर्ष, असा क्रम आपोआप लागतो.

कोणाला बोलवावे

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन आणि थॉमस लँडॉअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार, एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो असे धरले तर पाच वापरकर्त्यांच्या चाचणीतून सुमारे ८५ टक्के अडचणी हाती लागतात. यावरून पाच माणसे हा आकडा रूढ झाला. तो उपयुक्त आहे, पण वापरणारे सगळे साधारण एकाच प्रकारचे असतील तरच. वापरणाऱ्यांचे दोन अगदी वेगळे गट असतील, तर प्रत्येक गटातून तीन ते चार जण घ्यावे लागतात. सोलापुरात ही बाब विशेष गांभीर्याने घ्यावी लागते. येथे मराठीबरोबरच तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरोघरी बोलल्या जातात. पूर्व भागातील विणकर कुटुंबांत तेलुगू ही व्यवहाराची भाषा आहे, आणि एकाच कारखान्यात दिवाणजी मराठीत हिशोब लिहीत असताना मुकादम कामगारांशी तेलुगूत बोलत असतो. पुण्याहून परतलेले पाच इंग्रजी जाणणारे मित्र बोलावून केलेल्या चाचणीला येथे काहीही अर्थ नाही. एका स्प्रिंटमध्ये फक्त दिवाणजी आणि पुढच्यात फक्त मुकादम, असे गट आलटून पालटून घेतले तर थोड्या माणसांतही काम नीट होते.

नातेवाईक, मित्र आणि ज्यांनी ॲप आधी पाहिले आहे अशी माणसे टाळावीत. कारखानदाराच्या शिफारशीने आलेल्या ‘हुशार’ मुलाबरोबरच, मोबाइल जपून वापरणारा, पन्नाशी ओलांडलेला माणूसही हवाच. ज्यांची मजुरी नगावर ठरते त्यांचा अर्धा तास म्हणजे प्रत्यक्ष बुडालेली कमाई असते, म्हणून वेळेचा मोबदला द्यावा आणि तो चाचणीपूर्वीच सांगावा. पाळी बदलण्याच्या वेळा, दिवाळीआधीची गर्दी आणि जानेवारीतील सिद्धेश्वर यात्रेचे दिवस सोडून तारीख धरावी. थंडीच्या तोंडावर चादरींची मागणी वाढलेली असताना दिवाणजींना अर्धा तास मागणे योग्यही नाही आणि त्या घाईत मिळालेली निरीक्षणे विश्वासार्हही नसतात.

काम सांगण्याची रीत

चाचणीचे यश बहुतांशी कामाच्या शब्दांकनावर अवलंबून असते. ‘नवीन ऑर्डर या बटणावर जाऊन ऑर्डर नोंदवा’ असे सांगितले, तर वापरणारा केवळ अक्षरे जुळवतो. त्याला ॲप समजले की नाही हे त्यातून कळत नाही. त्याऐवजी पडद्यावरचा एकही शब्द न वापरता प्रसंग सांगावा : ‘हैदराबादच्या दुकानदाराचा फोन आला. त्यांना दहा डझन टॉवेल हवेत, त्यांपैकी सहा डझन पांढरे आणि उरलेले रंगीत. माल गुरुवारी ट्रान्सपोर्टला गेला पाहिजे. एवढे ॲपमध्ये घ्या.’

या एका वाक्यसमूहातून पुष्कळ काही उघड होऊ शकते. संख्येच्या रकान्यात दिवाणजी १० लिहितील की १२०? व्यापार डझनात चालतो, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने नग गृहीत धरलेले असतात. तेथे दहा डझनांऐवजी दहा नगांची ऑर्डर निघाली, तर दोष दिवाणजींचा नसतो. ‘उरलेले रंगीत’ लिहिताना रंग निवडलाच पाहिजे अशी सक्ती ॲप करते का? प्रत्यक्षात रंगांची मिसळ दिवाणजी आपल्या अनुभवाने ठरवतात किंवा मुकादमावर सोडतात. गुरुवार हा ऑर्डरचा दिवस, माल निघण्याचा दिवस की बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, दिवस? अशा तीन-चार प्रसंगांपेक्षा अधिक कामे एका बैठकीत देऊ नयेत; तीस ते चाळीस मिनिटांनंतर माणूस थकतो आणि कसेतरी उरकू लागतो.

पहिल्या दोन स्प्रिंटमध्ये तर कोडची एक ओळही लिहिण्याआधी कागदावर पडदे काढून चाचणी करावी. कागद पाहिला की माणूस मोकळेपणाने चूक दाखवतो, कारण तो अजून बदलता येण्यासारखा आहे हे त्याला दिसत असते. दिवाणजी स्वतः पेन घेऊन ‘हा रकाना इकडे हवा’ म्हणून रेघ ओढू लागले, तर तो कागद जपून ठेवावा. त्यांना रकाना का हलवावासा वाटला हे मात्र विचारून घ्यावे, कारण उपयोगी माहिती त्या कारणात असते.

प्रत्यक्ष बैठक

चाचणी शक्यतो कारखान्यातच घ्यावी. कार्यालयातला नवा फोन न वापरता त्या माणसाच्या स्वतःच्या फोनवर, त्याच्या नेहमीच्या प्रकाशात. कापसाच्या तंतूंनी धूसर झालेला पडदा, वाढवून ठेवलेला अक्षरांचा आकार आणि भरत आलेली साठवण या गोष्टी निर्णायक ठरतात. एक अडचण मात्र यंत्रमागांच्या शहरात हमखास येते : माग चालू असताना मोठ्याने विचार करत काम करणे अशक्य असते, कारण कोणालाच काही ऐकू येत नाही. तेव्हा मागाशेजारी काम करू द्यावे, पडद्याचे चित्रण घ्यावे, आणि लगेच बाहेर शांत जागी बसून ते दाखवत ‘येथे तुम्ही थांबलात, तेव्हा मनात काय आले?’ असे विचारावे.

संवाद साधणारा एक आणि टिपणे घेणारा एक, एवढीच माणसे समोर असावीत. कारखानदार किंवा मुकादम खोलीत बसला तर कामगार मनातले बोलत नाही, म्हणून त्यांना नम्रपणे बाहेर थांबण्याची विनंती करावी आणि त्याचे कारण आदल्या दिवशीच समजावून सांगावे. याच कारणाने मुकादमाला दुभाष्या करू नये. तेलुगू किंवा कन्नड सहज बोलणारे कोणी टीममध्ये नसेल, तर त्या भाषेच्या माणसाला तयारी करवून बरोबर घ्यावे. सुरुवातीला ‘काका, परीक्षा आमच्या ॲपची आहे, तुमची नाही, जिथे अडेल तिथे आमचं चुकलंय असं समजा’ एवढे स्पष्ट सांगावे. त्यानंतर संवाद साधणाऱ्याचे मुख्य काम गप्प राहण्याचे असते. ‘हे दाबू का?’ असा प्रश्न आला, तर ‘दाबल्यावर काय होईल असं वाटतं तुम्हाला?’ असे विचारावे. मदत करण्याची इच्छा अनावर होते, पण प्रत्येक सूचनेबरोबर एक निरीक्षण वाया जाते.

आपल्याकडे पाहुण्याच्या कामाला नावे ठेवण्याची रीत नाही, त्यामुळे शेवटी ‘चांगलं हाय की’ हे ऐकायला मिळतेच. ते आपुलकीने स्वीकारावे, पण निष्कर्षांत धरू नये. बोट कुठे घुटमळले, मागे जाण्याचे बटण किती वेळा दाबले गेले, कोणत्या क्षणी खिशातून वही निघाली, हे टिपावे.

चित्रण कशाचे होणार, ते कोण पाहणार आणि केव्हा पुसले जाणार हे आधी सांगून संमती घ्यावी; वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झालेला आहे, आणि कायदा नसता तरीही हे सौजन्य आवश्यकच होते. चाचणीच्या ॲपमध्ये खऱ्या दुकानदारांची नावे, फोन आणि भाव घालू नयेत, कारण कोणाला काय भाव लावला हे व्यापारातले सर्वांत जपलेले गुपित असते.

मोजमाप

आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकात वापरसुलभतेची तीन अंगे दिली आहेत : काम पूर्ण झाले का, त्यासाठी किती श्रम-वेळ लागला, आणि वापरणारा समाधानी आहे का. पहिल्या दोन अंगांसाठी साधी तक्ता-वही पुरते. तिसऱ्यासाठी जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) प्रश्नावली वापरता येते. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण असतात. विषम क्रमांकाच्या विधानात गुणांतून १ वजा करायचा, सम क्रमांकाच्या विधानात ५ मधून गुण वजा करायचे, आणि सर्वांची बेरीज २.५ ने गुणायची. विषम विधानांना ४ आणि सम विधानांना २ गुण मिळाले, तर बेरीज ३० आणि एकूण ७५ येते. ही टक्केवारी नव्हे. सरासरी ६८ च्या आसपास मानली जाते. पाच जणांच्या उत्तरांवरून या आकड्याने निर्णय घेऊ नये; अनेक स्प्रिंटमधील कल पाहण्यापुरताच त्याचा उपयोग करावा.

निरीक्षणापासून नव्या कल्पनेपर्यंत

चाचणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टीमने एकत्र बसावे, आणि कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाने किमान एक बैठक स्वतः पाहिलेली असावी. दुसऱ्याने लिहिलेला अहवाल वाचून कोणाचेही मत बदलत नाही. प्रत्येक अडचण निरीक्षण म्हणून लिहावी : ‘पाचपैकी तीन दिवाणजींनी डझनाचा आकडा नगाच्या रकान्यात लिहिला.’ ‘डझनाचे बटण हवे’ हा त्यावरचा एक संभाव्य उपाय आहे आणि त्याची चर्चा नंतर करावी. अडचण किती जणांना आली, तिने काम थांबले का, आणि सवय झाल्यावरही ती येतच राहील का, या तीन प्रश्नांवरून तिची तीव्रता ठरवावी. एकाच माणसाला आलेली, पण चुकीचा माल गाडीवर चढवणारी अडचण, सर्वांना आलेल्या किरकोळ गोंधळापेक्षा वरच्या जागी जाते. पुढच्या स्प्रिंटच्या क्षमतेचा साधारण पाचवा हिस्सा या दुरुस्त्यांसाठी राखावा, असे मी सुचवतो. तो नसेल तर निरीक्षणे बॅकलॉगच्या, म्हणजे बाकी कामांच्या यादीच्या, तळाशी साचत जातात.

नवीन काय करावे, याचे संकेतही याच टिपणांत सापडतात. समजा, डिझाइन क्रमांक विचारल्यावर दिवाणजी ॲप सोडून व्हॉट्सॲप उघडतात आणि दुकानदाराने पाठवलेला चादरीचा फोटो शोधतात. येथे शोधाचा रकाना सुधारण्यापेक्षा मोठी शक्यता दिसते : फोटोवरूनच ऑर्डर घेता येईल का? लगेच फोटो ओळखणारी प्रणाली बांधायला घेऊ नये. पुढच्या स्प्रिंटमध्ये फक्त फोटो पाठवण्याचे बटण द्यावे, आणि पडद्यामागे टीममधील एकाने नमुन्यांच्या वहीतून क्रमांक शोधून उत्तर पाठवावे. या रीतीला विझार्ड ऑफ ऑझ पद्धत म्हणतात. दिवाणजी ती सोय पुन्हा पुन्हा वापरू लागले, तर प्रणालीवर खर्च करण्यास आधार मिळतो. त्यांनी एकदा वापरून सोडून दिली, तर काही महिन्यांचे काम वाचते. अर्थात, उत्तर माणूस पाठवतो आहे हे बैठकीनंतर त्यांना मोकळेपणाने सांगावे.

दुरुस्ती झाल्यावर तीच कामे पुन्हा द्यावीत, मात्र नव्या माणसांना. जुन्यांपैकी एखादाच बोलवावा, कारण बाकीच्यांना वाट आता माहीत झालेली असते. सलग दोन स्प्रिंटमध्ये ऑर्डर नोंदवताना काम थांबवणारी एकही नवी अडचण दिसली नाही, तर तो भाग बाजूला ठेवून बिल्टीचा फोटो जोडणे, उधारीची नोंद किंवा परत आलेल्या मालाचा हिशोब यांपैकी एक भाग पुढच्या बुधवारसाठी घ्यावा.