कुत्र्याच्या बरगड्या अधूनमधून चाचपून बघा

कुत्र्याला जास्त वर्षं आणि धडधाकट जगवायचं असेल तर आधी त्याच्या वाडग्याकडे बघा. अमेरिकेत 48 लॅब्राडॉरचा पिल्लूपणापासून शेवटपर्यंत अभ्यास झाला, 2002 मध्ये तो छापून आला. एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं दिलं. कमी खाणारे साधारण 1.8 वर्षं जास्त जगले. सांध्यांचं दुखणंही त्यांना उशिरा लागलं.

वजनकाटा नसला तरी अडत नाही. छातीच्या बाजूवरून हात सपाट फिरवा. आपल्या पालथ्या हातावरची हाडं लागतात तशा बरगड्या लागल्या तर ठीक. दाबून शोधाव्या लागल्या तर रोजचं माप थोडं कमी करा. आजोबा गुपचूप देतात ती बिस्किटं आणि पोळीचे तुकडेही त्याच मापात धरायचे (घरोघरी घोडं इथेच अडतं). केसाळ कुत्र्याच्या बाबतीत नुसत्या नजरेवर जाऊ नका.

नाशकात आणखी एक जपायचं, द्राक्षं! हंगामात पिंपळगावकडची पेटी आली की ती जमिनीवर ठेवू नका. द्राक्षं आणि मनुका, दोन्हींनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नाही. खाल्लीच, तर लक्षणांची वाट न बघता लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या.