सॅस्कटूनमध्ये बाहेर जेवायला जाताय? या चुका टाळा

सॅस्कटूनमध्ये धड खायला काही मिळत नाही, असं छातीठोकपणे सांगणारे लोक बहुतेक वेळा तीनच गोष्टी करून आलेले असतात. एट्थ स्ट्रीटवर गाडी हाकत ‘दिसेल ते’ शोधलेलं असतं, रात्री नऊनंतर निघालेले असतात, आणि मोबाईलवरचे तारे बघून हॉटेल ठरवलेलं असतं. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातलं, २०२१च्या जनगणनेनुसार २,६६,१४१ वस्तीचं हे शहर. टोरंटोसारखं कुठेही शिरलं तरी निभावेल, एवढा पसारा इथे नाही. चांगल्या जागा आहेत, पण मोजक्या आहेत आणि त्या आपल्या वेळेनं चालतात. शिकायला आलेली मुलं, नोकरीसाठी आलेली कुटुंबं आणि त्यांना भेटायला पुण्या-नागपूरहून आलेले आईवडील, सगळे त्याच त्या खड्ड्यात पडतात.

‘अकरापर्यंत उघडं आहे’ यावर विसंबणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून आधी हीच. नकाशावर दिसते ती दार बंद होण्याची वेळ. किचन त्याआधी अर्धा-एक तास, कधी त्याहूनही आधी बंद होतं. त्यातून स्वतंत्र, म्हणजे मालक स्वतः चालवतात अशी बरीच हॉटेलं रविवारी किंवा सोमवारी बंद असतात, काही तर दोन्ही दिवस. मुंबईत रात्री दहाला ‘चला, जेवायला जाऊ’ म्हणायची सवय असते. इथे संध्याकाळी साडेसहाला हॉटेल भरलेलं आणि साडेआठला खुर्च्या उलट्या टेबलावर, असं चित्र नेहमीचं.

दर हिवाळ्यात ठरल्यासारखा घडणारा प्रसंग ऐका. जानेवारीतला सोमवार, बाहेर उणे तीस. संध्याकाळच्या विमानानं पाहुणे आलेत. सामान घरी टाकून, तोंडं धुऊन आठ माणसं दोन गाड्यांतून पावणेनऊला निघतात. पहिल्या हॉटेलच्या दारावर ‘सोमवारी बंद’ची पाटी. दुसऱ्यात दिवे लागलेले, बारमध्ये माणसंही बसलेली. आत गेल्यावर कळतं की किचन नुकतंच बंद झालं, फार तर चिप्स मिळतील. तिसरं उघडं आहे, पण आठ जणांसाठी टेबल जोडायला जागा नाही, आणि शेफ एकटा असल्यामुळे तासभर लागेल म्हणतात. एव्हाना आजोबांचे कान लाल झालेले, पोरगं रडतंय. शेवटी ड्राइव्ह-थ्रूच्या रांगेत उभं राहून गाडीतच बर्गर. दुसऱ्या दिवशी फोनवर भारतात बातमी जाते की या गावात खायला मिळत नाही.

हे टाळायला एक फोन पुरतो. तो करायचा दुपारी अडीच ते चारच्या मध्ये, कारण साडेबाराला फोन उचलणाऱ्याच्या हातात चार प्लेटा असतात. प्रश्न नेमके विचारा: आज शेवटची ऑर्डर कितीला घेता? इतक्या जणांचं टेबल मिळेल का? आठ जण असाल तर ‘बघू तिथे जाऊन’ हा विचारच सोडा. फेब्रुवारीतला तिसरा सोमवार, म्हणजे फॅमिली डे, आणि ऑगस्टचा पहिला सोमवार, म्हणजे सस्कॅचवान डे, हे सुटीचे दिवस. त्या दिवशी नकाशावरच्या वेळेला काडीचा अर्थ नसतो. जूनमध्ये फसवणूक वेगळी: सूर्य साडेनवाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे बाहेर लख्ख उजेड असतो आणि नऊ वाजून गेल्याचा पत्ताच लागत नाही.

फोन करायचा कंटाळा येतो, ॲपवर सगळं दिसतं, असं म्हणणाऱ्यांनी खुशाल गाडीत बर्गर खावा.

तारे मोजणं

एवढ्या शहरात तारे फार भोळे असतात. मोठ्या चेन-हॉटेलाला हजारभर लोकांनी शेरे दिलेले असतात, कारण तिथे रोज शेकडो माणसं येतात. कोपऱ्यातल्या व्हिएतनामी हॉटेलात सहा टेबलं, तीच ती गिऱ्हाइकं, आणि त्यांतल्या अनेकांनी आयुष्यात शेरा लिहिलेला नाही. तिथे एका चिडक्या माणसानं पार्किंगवरून एक तारा दिला की सरासरी लगेच खाली येते.

दुसरं म्हणजे आचारी बदलतो, मालक बदलतो, पण पाटी, मेनू आणि जुने तारे तेच राहतात. म्हणून सरासरी बघूच नका. शेरे ‘नवीन आधी’ असे लावा आणि गेल्या तीन महिन्यांचे वाचा. पदार्थाचं नाव घेऊन लिहिलेला शेरा खरा धरावा. ‘छान वातावरण, प्रेमळ स्टाफ’ यावरून ताटात काय येणार ते कळत नाही. लोकांनी टाकलेले फोटो बघा: एकच पदार्थ चार वेगवेगळ्या महिन्यांत एकसारखा दिसत असेल, तर आचारी टिकून आहे असं समजायला हरकत नाही. स्वच्छतेची शंका असेल तर सस्कॅचवान हेल्थ अथॉरिटीचे तपासणी-अहवाल ऑनलाइन कोणालाही बघता येतात. ते दोन मिनिटांत वाचून होतात, तरी कुणी वाचत नाही.

फक्त एट्थ स्ट्रीट

एट्थ स्ट्रीट ईस्ट हा चेन-हॉटेलांचा रस्ता. तिथेही चांगलं मिळतं, पण ते स्ट्रिप मॉलच्या आत, ड्रायक्लीनर आणि दातांच्या डॉक्टरच्या मधल्या गाळ्यात लपलेलं असतं. गाडीतून दिसत नाही, उतरावं लागतं. त्यापेक्षा नदीपलीकडे रिव्हर्सडेलमध्ये ट्वेंटिएथ स्ट्रीट वेस्टवर आयडलवाइल्ड ड्राइव्हपासून पश्चिमेला पायी निघा. जुनी आशियाई हॉटेलं आणि नवी बिस्ट्रो एकाच फुटपाथवर भेटतात. ब्रॉडवे ॲव्हेन्यू, थर्टी-थर्ड स्ट्रीट वेस्ट आणि सदरलँडमधली सेंट्रल ॲव्हेन्यू हेही पायी बघायचे रस्ते.

पत्ता टाइप करताना ईस्ट-वेस्ट, नॉर्थ-साउथ गाळू नका. आणि डाउनटाउनमधली सेकंड ॲव्हेन्यू वेगळी, पश्चिमेची ॲव्हेन्यू बी वेगळी.

‘व्हेज आहे ना?’ एवढंच विचारणं

शाकाहारी मंडळींची ही हमखास चूक. वाढणारी मुलगी मान डोलावते, कारण तिच्या मते मांसाचा तुकडा नसला की व्हेज झालं. इथल्या स्वयंपाकात मांस तुकड्यांपेक्षा रसात, चरबीत आणि सॉसमध्ये जास्त असतं. त्यामुळे पदार्थागणिक वेगळा प्रश्न विचारावा लागतो.

सूप भाज्यांचं असलं तरी स्टॉक, म्हणजे त्याचं मूळ पाणी, चिकनचा असू शकतो. पुटीन म्हणजे फ्राइजवर चीज आणि ग्रेव्ही; ती ग्रेव्ही बहुधा बीफ किंवा चिकनची असते. कुठे मशरूमची मिळते, ती मागून घ्या. फ्राइज ज्या तेलात तळतात त्यातच चिकन विंग्जही तळतात, म्हणून ‘फ्रायर वेगळा आहे का’ हे विचारा. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही मासा असतो, आणि सीझर नावाच्या कॉकटेलमध्ये क्लॅम, म्हणजे शिंपल्यांचा रस. व्हिएतनामी व्हेज रोलबरोबर येणाऱ्या चटणीत फिश सॉस असतो. त्याऐवजी होइसिन-शेंगदाण्याचा सॉस मागता येतो, पण त्यातही काय घातलंय ते विचारूनच.

पेरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, हा या प्रदेशातल्या युक्रेनियन वस्तीचा पदार्थ, आणि शाकाहाऱ्यांना यासारखा आधार नाही. बटाटा-चेडर चीज, सावरक्राउट (आंबवलेला कोबी) किंवा कॉटेज चीज असं सारण असतं. गोची वरून घातलेल्या गोष्टींत आहे: परतलेला कांदा आणि त्यात बेकनचे बारीक तुकडे. ‘बेकन नको, कांदा लोण्यात परतलेला हवा, बाजूला सावर क्रीम’ असं सुट्टं सुट्टं सांगा. कोबीच्या पानांत भात भरलेले होलुब्त्सी बिनमांसाचेही करतात, पण प्रत्येक ठिकाणी नाही. बोर्श्ट, म्हणजे बिटाचं सूप, तेही तसंच.

आता गोडाचं. सॅस्कटून बेरी या इथल्या फळाचा पाय, म्हणजे पिठाच्या आवरणात फळ भरून भाजलेला गोड पदार्थ, खाल्ल्याशिवाय जाऊ नये हे खरं, पण पारंपरिक पायच्या आवरणात लार्ड, म्हणजे डुकराची चरबी घालतात. ‘लार्ड की व्हेजिटेबल शॉर्टनिंग’ हा प्रश्न बिनदिक्कत विचारा. पाय करणाऱ्या बाईंना तो नवा नसतो. बॅनक या इथल्या मूलनिवासींच्या पावालाही हाच प्रश्न लागू. ताजी बेरी जुलैच्या आसपास मिळते, एरवी गोठवलेली वापरतात, आणि पायमध्ये त्यानं काही बिघडत नाही.

काही छोट्या चुका

भारतीय हॉटेलात थालीपीठ शोधणं. मेनू पंजाबी आहे, पंजाबीच मागवा. तिखट हवं असेल तर ‘मीडियम’ म्हणू नका, इथलं मीडियम म्हणजे आपल्याकडचं लहान मुलांचं.

समुद्राचा मासा मागवणं. व्हँकुव्हर रस्त्यानं साधारण १६०० किलोमीटर लांब आहे. कोकणी जिभेनं इथे उत्तरेकडच्या तळ्यांतला पिकरेल खावा, त्यालाच वॉलाय म्हणतात. काटे काढलेला, पीठ लावून तळलेला.

रिजायना, म्हणजे प्रांताच्या राजधानीच्या नावाचा पिझ्झा माणशी एक मागवणं. जाड ब्रेड, त्यावर मांसाचे थर, त्यावर चीजचा डोंगर. दोन तुकड्यांत माणूस गार. भाज्यांचा मागवला तर पाणी सुटून मधोमध बसतो.

वानुस्केविन या मूलनिवासींच्या वारसा-उद्यानात बायसनचा (रानगव्यासारख्या प्राण्याचा) स्ट्यू खायला संध्याकाळी जाणं. शहराबाहेर उत्तरेला आहे, जेवण मुख्यतः दुपारचं. निघण्याआधी वेळ विचारून घ्या.

डिलिव्हरी ॲपवरून पहिल्यांदा ओळख करून घेणं. बऱ्याचदा किंमत जास्त, फ्राइज मऊ, आणि फो या व्हिएतनामी सुपातले नूडल्स रस शोषून लगदा झालेले. पहिली भेट टेबलावरच.

बिलाच्या मशीनवर घाईनं बोट ठेवणं

मेनूवरची किंमत अंतिम नसते. जेवणावर ५ टक्के जीएसटी आणि ६ टक्के प्रांतिक कर; हा प्रांतिक कर रेस्टॉरंटच्या जेवणाला १ एप्रिल २०१७पासून लागतो. २० डॉलरचं जेवण २२.२० होतं. मग मशीन १५, १८, २० टक्के असे पर्याय दाखवतं, आणि बऱ्याच मशीनवर ती टिप करासकट रकमेवर मोजलेली असते: १८ टक्क्यांचे ३.६०ऐवजी ४ डॉलर जातात. ‘अदर’ दाबून आपला आकडा टाकता येतो. मोठ्या गटाच्या बिलात टिप आधीच धरलेली असू शकते. ती न बघता पुन्हा देणारे पुष्कळ. काउंटरवरून स्वतः उचललेल्या डब्याला टिप दिली नाही म्हणून कुणी अडवत नाही.

फॉल सपर चुकवणं

प्रेअरीचं, म्हणजे इथल्या मैदानी मुलखाचं, खरं घरगुती जेवण हॉटेलात शोधणाऱ्यांना मला हेच सांगायचं असतं. सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत आसपासच्या गावांतली चर्चं आणि कम्युनिटी हॉल फॉल सपर, म्हणजे शरद ऋतूतली गावजेवणं, भरवतात; काही जण फाउल (पक्षी) सपर म्हणतात. टर्की, स्टफिंग (टर्कीबरोबरचं पावाचं सारण), कुस्करलेला बटाटा, ग्रेव्ही, पेरोगी, कोबीचे रोल, आणि एका लांब टेबलावर गावातल्या बायकांनी केलेले पाय. तिकीट माणशी, मुलांना स्वस्त.

जाहिरात फारशी नसते. किराणा दुकानाच्या आणि हॉलच्या नोटिस बोर्डावर, गावच्या साप्ताहिकात, चर्चच्या दारावर कागद लागतो. अनेक ठिकाणी तिकिटं आधी घ्यावी लागतात आणि दोन पंगती असतात. पहिली दुपारी साडेचार-पाचला. हो, पाचला. सातला पोचलात तर टर्की संपलेली असते आणि बायका टेबलं पुसत असतात. रोख पैसे न्या, कार्डाचं मशीन असेलच असं नाही. शाकाहारी असाल तर ग्रेव्ही आणि स्टफिंग सोडा, पेरोगीवर काय घातलंय ते बघा, आणि पाय घ्यायला रांगेत लवकर उभे राहा. बेरीचा आधी संपतो, मग भोपळ्याचाच उरतो.