रूबीतल्या गेमसाठी मिसळणाचा डबा

रूबी या प्रोग्रामिंग भाषेत छंद म्हणून गेम करायला बसलो आणि पहिले तीन महिने एकही गेम केला नाही. मी 'इंजिन', म्हणजे कुठल्याही गेमला लागणारा पाया, करत होतो. कॅमेरा, मेनू, ठिणग्या उडवायची सोय, सगळं तयार. खेळायला मात्र काहीच नाही. बाजारात तुरी म्हणतात, तो प्रकार.

शेवटी ते फोल्डर बाजूला ठेवलं, गोसू ही गेमसाठीची तयार कोडची लायब्ररी घेतली आणि लगोरीचा साधा गेम पुरा केला. गोसूत विंडोचा एक क्लास लिहायचा, त्यात अपडेट (हालचाल मोजणारी) आणि ड्रॉ (चित्र काढणारी) या दोन मेथड. त्या सेकंदाला साधारण 60 वेळा चालतात. नवख्याला सुरुवातीला एवढं पुरतं.

दुसरा गेम विटीदांडूचा. टक्कर तपासायचा कोड लगोरीतून उचलून डकवला. तिसऱ्या गेममध्येही तेच. तिथे लक्षात आलं की दोन चौकोनांच्या कडा नुसत्या टेकल्या तरी मी टक्कर धरतोय. चूक तिथे सुधारली. आधीच्या दोन गेममध्ये ती तशीच. त्या दिवशी वेगळं फोल्डर केलं आणि त्याला 'मिसळण' नाव दिलं. नियम एकच: तिसऱ्यांदा लागल्याशिवाय कोड डब्यात जात नाही.

टक्करीचं मॉड्यूल, म्हणजे कुठल्याही क्लासमध्ये मिसळता येणारा कोड, अजून माझं सगळ्यात आवडतं. चार तुलना, बस. इन्क्लूड करणाऱ्या क्लासकडे एक्स, वाय, रुंदी, उंची असली की झालं, मग तो दगड असो की खेळाडू. गोसूचं नावही त्यात नाही, त्यामुळे खिडकी न उघडता मिनिटेस्ट या रूबीच्या चाचणी लायब्ररीने तपासता येतं.

कोनाचं हेल्पर, म्हणजे कोनावरून दिशा काढायची छोटी मदतनीस मेथड, मात्र फसलं. 45 अंशांत मारलेली विटी आकाशात जायच्याऐवजी जमिनीत घुसली! शाळेत शून्य अंश उजवीकडे असतो आणि वाय वर वाढतो. गोसूत शून्य म्हणजे वरची दिशा, कोन घड्याळाप्रमाणे वाढतो, आणि वाय खाली वाढत जातो. मी आपला शाळेतलाच साइन-कोसाइन चालवत होतो. त्यासाठी गोसूतच ऑफसेट एक्स आणि ऑफसेट वाय या मेथड आहेत, हे नंतर कळलं. पुढे ड्रॅगनरूबी हे रूबीत गेम करायचं दुसरं साधन वापरून पाहिलं. तिथे मूळबिंदू खाली डाव्या कोपऱ्यात. म्हणजे पुन्हा उलटापालट. तेव्हापासून पडद्याची दिशा ठाऊक असावी लागते असं काहीही मी डब्यात ठेवत नाही, ते त्या त्या गेममध्येच राहतं.

काही हेल्पर लिहायचीच गरज नसते. आकडा मर्यादेत ठेवायला मी ऐटीत मेथड लिहिली होती; रूबी 2.4 पासून त्याच कामाची क्लॅम्प मेथड आहेच. खेळाडू डावीकडून बाहेर गेला की उजवीकडून आत आणायलाही खास काही लागत नाही, कारण पडदा 640 रुंद असेल तर रूबीत उणे 1 ला 640 ने भागून बाकी काढली की 639 येते. सी भाषेत ती उणे 1 येते, म्हणून तिकडून आलेले लोक इथे उगाच चार ओळी जास्त लिहितात.

चित्रांचं हेल्पर एका ओळीचं आहे, पण ते नसताना गेम रखडत होता. मी ड्रॉमध्येच इमेज नव्याने बनवत होतो, म्हणजे सेकंदाला 60 वेळा तीच फाइल वाचणं. आता हॅशला (नावावरून वस्तू देणारा साठा) ब्लॉक, म्हणजे नाव न सापडल्यास चालणारा कोड, दिलाय: नाव पहिल्यांदा मागितलं की फाइल वाचायची, पुढे साठवलेलीच द्यायची.

एक मोह टाळा. इंटिजर या रूबीच्या पूर्णांकांच्या क्लासमध्येच 'सेकंद' नावाची मेथड घालून 3.सेकंद लिहायला मजा येते, मीही केलं. पण ती मेथड आली कुठून, हे सहा महिन्यांनी मलाच सापडेना. हौस असेलच तर रिफाइनमेंट ही रूबीची सोय वापरा, म्हणजे ती फाइलच्या वर 'युझिंग' लिहून मागवावी लागते.

सध्या डब्यात चार फाइली आहेत. त्या जुन्या इंजिनातला कॅमेरा दोन गेममध्ये वापरून झालाय, पण तो अजून बाहेरच आहे.