थिरथिरा आणि दाढीवाली बुरशी: एका वहीत दोन नोंदी

साताऱ्यात हिवाळ्यात आमच्या गच्चीच्या कठड्यावर थिरथिरा पक्षी यायचा, शेपटी थरथरवत. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला आले आणि न्यू फॉरेस्टच्या जंगलात त्याचा चुलतभाऊ भेटला, कॉमन रेडस्टार्ट. शेपटी तशीच तांबूस. हा मात्र उन्हाळी पाहुणा: एप्रिलमध्ये आफ्रिकेतून येतो आणि जुन्या झाडांच्या ढोलीत घरटं करतो. तसल्याच म्हाताऱ्या बीच-ओक झाडांवर हेरिशियम एरिनेसियस ही बुरशी उगवते. पांढरी, छत्री नाही, नुसते खाली लोंबणारे काटे. मी तिला दाढीवाली म्हणते.

दोघांची तुलना करायची म्हटल्यावर आमचे हे म्हणाले, “कुठे इंद्राचा ऐरावत, कुठे शामभट्टाची तट्टाणी!” पण करता येते. आधी झाडं ठरवा. पोकळ खोड, मोडलेल्या फांदीची जखम असलेली दहा झाडं पुरेत. प्रत्येकाला नंबर द्या, वहीत पक्ष्याचा एक आणि बुरशीचा एक रकाना आखा आणि वर्षभर तीच झाडं बघा.

एप्रिल-मे कानांचा. पहाटे प्रत्येक झाडाखाली दहा मिनिटं गप्प उभं राहायचं. गाणं छोटं असतं, सुरुवात गोड आणि शेवटी नुसती खरखर. पहिल्या वर्षी मी रॉबिनलाच रेडस्टार्ट लिहीत होते, म्हणून शेपटी दिसल्याशिवाय नोंद पक्की करू नका. सप्टेंबर-ऑक्टोबर डोळ्यांचा. त्याच झाडांच्या जखमा दुर्बिणीने तपासा, कारण दाढीवाली बरेचदा उंचावर असते.

आता खरी मेख. दोन्ही रकान्यांतल्या शून्यांचा अर्थ एक नाही. पूर्ण मोसमात चार-पाच फेऱ्या मारूनही पक्षी ऐकू आला नाही, तर बहुधा तो तिथे नाही. बुरशी दिसली नाही, तर एवढंच कळतं की यंदा फळ धरलं नाही. तिचे तंतू लाकडात वर्षानुवर्षं जगतात. सात नंबरच्या बीचवर मी दोन वर्षं ‘गेली’ असं लिहिलं. तिसऱ्या वर्षी नारळाएवढी उगवली! तेव्हापासून तिच्या रकान्यात मी शून्य लिहीतच नाही, ‘दिसली नाही’ लिहिते. आणि पक्ष्यांच्या जोड्या व बुरशीची झाडं यांची बेरीज कधीच करत नाही.

हात लावू नका. १९८१च्या वन्यजीव कायद्याने ब्रिटनमध्ये रानातली ही बुरशी तोडणं गुन्हा आहे. फोटो टाकलात तरी झाडाची जागा सांगू नका. खायचीच असेल, तर लागवडीची ‘लायन्स मेन’ नावाने दुकानात मिळते. लसूण-मिरचीवर परतली की पोळीशी छान लागते.