ब्रॉलीकडून पुन्हा पुन्हा चितपट होताय? या चुका टाळा

मे महिन्यात भाचा धुळ्याहून अमळनेरला येतो, तेव्हा त्याच्या पिशवीत कपडे कमी आणि खेळणी जास्त असतात. यंदा त्यात हातात धरून खेळायचा एक जुना गेम बॉय ॲडव्हान्स निघाला. सुरतेच्या काकांनी घर आवरताना काढून दिलेला, सोबत पोकेमॉन एमराल्डची हिरवी कार्ट्रिज. पोकेमॉन नावाचे प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि झुंजवायचे, असा हा खेळ. तिसऱ्या दिवशी, ऊन मी म्हणत होतं अशा दुपारी, तो तोंड पाडून माझ्यासमोर येऊन बसला. "मामा, तो निळ्या केसांचा परत जिंकला. चौथ्यांदा."

निळ्या केसांचा म्हणजे ब्रॉली. ड्युफर्ड बेटावरचा जिम लीडर, गेममधला दुसरा. जिमला आपण तालीम म्हणू आणि लीडरला वस्ताद, म्हणजे निम्मं काम समजलं. समुद्राच्या लाटांवर आणि गुहेत सराव करणारा हा गडी, त्याचे सगळे पोकेमॉन फायटिंग प्रकारातले. एमराल्डमध्ये त्याच्याकडे तिघं आहेत: १६ लेव्हलचा माचॉप, १६ चाच मेडिटाइट आणि शेवटी १९ चा माकुहिटा. आकडे काही फार मोठे नाहीत. तरी पहिल्यांदा खेळणारी निम्मी पोरं इथेच अडतात. मीही अडलो होतो.

एक गोष्ट आधी तपासा. वाचताय ती माहिती एमराल्डचीच आहे ना? २००२ च्या रुबी आणि सफायर या आधीच्या आवृत्त्यांमध्ये ब्रॉलीकडे दोघंच असतात, १७ चा माचॉप आणि १८ चा माकुहिटा. मेडिटाइट तिथे नाहीच. खरा घात मेडिटाइटच करतो. रुबीचा सल्ला वाचून एमराल्ड खेळायला बसाल तर त्याची तयारीच झालेली नसेल.

लोखंड बघून भुलू नका

भाच्याचा भरवसा होता आरॉनवर. बेटावरच्या ग्रॅनाइट केव्ह या गुहेत सापडतो, अंगावर पोलादी पत्रा, दिसायला रणगाडा. "याला कोण काय करणार मामा?" तर पहिल्याच कराटे चॉपला तो झोपला. आरॉन स्टील आणि रॉक अशा दोन्ही प्रकारांचा आहे, आणि फायटिंगचा मार या दोन्हींना दुप्पट बसतो. दोन्ही मिळून चौपट. ब्रॉलीसमोर उतरवायला याहून वाईट निवड शोधून सापडायची नाही. रॉक, स्टील, आइस, डार्क आणि नॉर्मल, या पाच प्रकारांना फायटिंगचं वावडं आहे. म्हणजे जिओड्यूड, पूचिएना, झिगझगून हे सुरुवातीपासूनचे सोबतीही बाकावरच बरे.

मग सगळे सांगतात, "उडणारा घे." बरोबर आहे, पण अर्धंच. पेटलबर्गच्या जंगलात मिळणारा टेलो हा नुसता फ्लाइंग नाही, नॉर्मल आणि फ्लाइंग आहे. फ्लाइंगमुळे मार निम्मा होतो आणि नॉर्मलमुळे पुन्हा दुप्पट. हिशेब बरोबरीत सुटतो, टेलोला मार पुरताच बसतो. विंगल पाण्यातला आणि उडणारा, त्याला मात्र खरोखर निम्माच लागतो. दोघांनाही १३ लेव्हलला विंग अटॅक येतो, पण विंगलच्या मनगटात जोर नाही. टेलो मारतो बरा आणि टिकत नाही, विंगल टिकतो आणि मारत नाही. दोघं बरोबर असले तर चालतं. एकट्यावर भिस्त ठेवलीत तर चौथा पराभव ठरलेला.

ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही तो म्हणजे वर्मपल. सुरुवातीच्या गवतात ढिगाने मिळणारी अळी. ७ ला कोश होतो, १० ला फुलपाखरू नाहीतर पतंग. काय होणार ते आपल्या हातात नसतं, आणि दिवस-रात्रीचाही त्याच्याशी संबंध नाही. पतंग निघाला, म्हणजे डस्टॉक्स, तर नशीब समजा. बग आणि पॉइझन, फायटिंगचा मार थेट पाव. वर १० लेव्हललाच कन्फ्युजन हा सायकिक डाव हातात येतो. जळगावच्या भरताचं वांगं जसं वरून साधं दिसतं तसं हे प्रकरण आहे.

तो अंग तापवतोय, तुम्ही काय करताय?

ब्रॉलीच्या तिन्ही गड्यांकडे बल्क अप हा अंग तापवायचा डाव आहे. एका वेळेला मारही एक पायरी वाढतो, बचावही एक पायरी. एक पायरी म्हणजे दीडपट, दोन म्हणजे दुप्पट, आणि सहा पायऱ्या चढू दिल्यात तर चौपट. त्यामुळे ही कुस्ती जितकी लांबेल तितकी त्याच्या बाजूला झुकते.

भाचा नेमकं उलटं करत होता. माचॉपने बल्क अप केला की हा घाबरून आपल्या पोकेमॉनला पोशन, म्हणजे जीव भरून काढायचं औषध, पाजायचा. माचॉप पुन्हा बल्क अप, हा पुन्हा पोशन. ओट्यावर शेजारचे तात्या बसले होते. तरुणपणी यात्रेच्या फडात लाल माती अंगाला लावलेला माणूस. खेळातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण दोन मिनिटं डोकावून बघितलं आणि म्हणाले, "अरे भो, तो आंग तापाडी राह्यना, अन तू पानी पी राह्यना!"

सगळं यात आलं. समोरचा तयारी करत असतो तेव्हा तुमची एक चाल फुकट मिळालेली असते, ती मारण्यात घालवा.

आता कशाने मारायचं, यात एक बारीक मेख आहे. या पिढीच्या गेममध्ये डाव शारीरिक की स्पेशल हे त्याच्या प्रकारावरून ठरतं. प्रत्येक डावाचं वेगळं ठरू लागलं ते २००६ च्या डायमंड आणि पर्लपासून. एमराल्डमध्ये फ्लाइंग सगळं शारीरिक. म्हणजे बल्क अपने बचाव वाढला की पेक, गस्ट, विंग अटॅक सगळे बोथट होतात. सायकिक मात्र स्पेशल, त्याला बल्क अपने काही फरक पडत नाही. म्हणून दोन बल्क अप होऊन गेले असतील तर उडणाऱ्याला मागे घ्या आणि कन्फ्युजनवाला पुढे काढा. ग्रॅनाइट केव्हमधला अब्रा १६ ला कडाब्रा होतो आणि तेव्हा त्याला कन्फ्युजन येतं. पण तोवर त्याच्याकडे टेलिपोर्टशिवाय काही नसतं. दर लढतीत त्याला पुढे उभा करून लगेच बदलत राहावं लागतं. ज्याला धीर आहे त्याने करावं.

मेडिटाइटसमोर श्वास घेऊ नका

हा पद्मासन घालून बसलेला बारका गडी बघून कुणाला भीती वाटत नाही. चूक इथेच होते. मेडिटाइटची अंगभूत क्षमता आहे प्युअर पॉवर, म्हणजे त्याचा मार मुळातच दुप्पट. त्यात त्याच्याकडे फोकस पंच, ताकद १५०. खेळाच्या या टप्प्यावर दुसऱ्या कुणाकडे एवढा जोर नसतो.

पण फोकस पंचची अट आहे. चालीच्या सुरुवातीला तो लक्ष एकवटतो, ठोसा सगळ्यात शेवटी मारतो. मधल्या वेळात त्याला एक जरी दणका लागला तर लक्ष मोडतं आणि ठोसा वाया जातो. दणका केवढाही चालेल, दोन पॉइंटचा असला तरी. म्हणून मेडिटाइटसमोर दर चालीला मारायचंच. ग्राउल, सॅन्ड अटॅक असले मार न देणारे डाव नाहीत, पोशन नाही. पोकेमॉन बदलणंही नाही, कारण बदललात की नवीन आलेल्याच्या तोंडावर तो ठोसा बसतो. भाच्याचा टेलो तिसऱ्यांदा असाच गेला होता, दमलेल्या कोम्बस्कनला, म्हणजे भाच्याच्याच दुसऱ्या पोकेमॉनला, वाचवायला आत आला आणि आल्या पावली आडवा.

दुसरी गोष्ट, मेडिटाइट फायटिंगबरोबर सायकिकही आहे. त्यामुळे ज्या कन्फ्युजनचं मी आत्ता कौतुक केलं, त्याचा याच्यावर जास्तीचा परिणाम होत नाही. इथे फ्लाइंगच चालवा. आणि त्याने रिफ्लेक्ट लावला तर पाच चाली शारीरिक मार निम्मा होतो. तो पडद्यासारखा मागे उरतो. मेडिटाइट पडला तरी पुढे येणाऱ्याला त्याचा फायदा मिळतो. पाच चाली मोजा, घाई करू नका.

माकुहिटाच्या डोळ्यात धूळफेक चालत नाही

पुष्कळ जण सॅन्ड अटॅक मारून समोरच्याचा नेम बिघडवतात आणि निवांत होतात. माकुहिटाकडे व्हायटल थ्रो आहे. हा डाव शेवटी पडतो, पण चुकत नाही, कितीही धूळ फेका. दुसरा डाव रिव्हर्सल. जीव जितका कमी तितका मार जास्त, अगदी टेकीला आल्यावर ताकद २० वरून २०० पर्यंत जाते. त्याला केसभर जिवंत ठेवून "आता पुढच्या चालीत" म्हणणं महागात पडतं. शिवाय त्याच्याकडे सायट्रस बेरी हे फळ असतं, ते खाऊन जिवाचे ३० पॉइंट परत मिळवतो. शेवटचे दोन दणके मोठे ठेवा.

सेबलाय, आणि त्यातही होणारी चूक

आता जो तोडगा मी भाच्याला सांगितला तो. ग्रॅनाइट केव्हच्या खालच्या मजल्यांवर अंधारात सेबलाय मिळतो, रत्नासारखे डोळे असलेला. घोस्ट आणि डार्क. फायटिंगचा कुठलाही डाव घोस्टला लागतच नाही. आता ब्रॉलीच्या तिघांचे मारायचे डाव मोजा: कराटे चॉप, लो किक, सायस्मिक टॉस, फोकस पंच, आर्म थ्रस्ट, व्हायटल थ्रो, रिव्हर्सल. सगळे फायटिंग. म्हणजे वस्ताद शड्डू ठोकत फिरतोय आणि समोर धरायला अंगच नाही. फेअरी प्रकार २०१३ मध्ये आला, तोवर सेबलायला कशाचाच मार दुप्पट बसत नव्हता, हे जाता जाता.

त्याचा नाइट शेड ९ लेव्हललाच येतो. हा जितकी आपली लेव्हल तितकाच मार देतो. बल्क अप, रिफ्लेक्ट, काहीही असो, फरक नाही. रुबी खेळणाऱ्यांना मात्र सेबलाय मिळत नाही, त्यांच्या गुहेत त्याच्या जागी मॉवाइल हा दुसराच पोकेमॉन आहे.

एवढं सांगून मी झोपायला गेलो. अर्ध्या तासाने भाचा परत. सेबलायला कुणी हात लावू शकला नव्हता, तरी हा हरला होता. कारण नाइट शेड १५ वेळाच मारता येतो. त्याचा सेबलाय होता १२ चा, म्हणजे १२ गुणिले १५, एकशे ऐंशी. ब्रॉलीच्या तिघांचा जीव मिळून दीडशेच्या घरात, त्यात बेरीचे ३०, आणि त्याने सुपर पोशन काढली की आणखी ५०. हिशेब पुरत नाही. मग उरतो स्क्रॅच, तो बल्क अप झालेल्या माकुहिटाला गुदगुल्या करतो. भाच्याने कंटाळून सेबलाय मागे घेतला आणि बाकीचे एकेक करून गेले.

म्हणून सेबलायला आधी १३ च्या पुढे न्या. तिथे अस्टॉनिश मिळतो, तो मेडिटाइटला दुप्पट लागतो. नाइट शेड माकुहिटासाठी राखून ठेवा. १६ पर्यंत नेलात तर उत्तमच.

किरकोळ, पण डोकं फिरवणारं

ब्रॉलीची तालीम अंधारी आहे, आतल्या एकेका पठ्ठ्याला हरवलं की उजेडाचा घेरा वाढतो. आता २००१ च्या मूळ गेम बॉय ॲडव्हान्सच्या पडद्याला आतून उजेडच नाही. संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत अंधारी तालीम खेळत बसला तर दिसणार काय? पोरगं भिंतीला धडकत होतं आणि मला वाटलं बटण बिघडलं. ओट्यावर उन्हाकडे पाठ करून बसवलं, प्रश्न मिटला. त्यातले दोन पेन्सिल सेलही संपत आले होते, ते बदलले.

गुहेच्या तोंडाशी एक जण फ्लॅश हा उजेड पाडायचा डाव देतो, पण तो वापरायला ब्रॉलीला हरवून मिळणारा नकल बॅजच लागतो. त्यामुळे सेबलाय अंधारातच शोधायचा आहे. गेम अडकलेला नाही.

सुरू करताना कार्ट्रिजच्या आतली बॅटरी संपल्याचा निरोप आला तर घाबरू नका. सेव्ह शाबूत असतं, फक्त घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी थांबतात. झाडाच्या बेरी वाढत नाहीत.

हरलात की खिशातले निम्मे पैसे जातात. लढायच्या आधी सेव्ह करा आणि जास्तीचे पैसे पोशनमध्ये घाला. तालमीतल्या पठ्ठ्यांना हरवल्यावर बाहेर जाऊन पोकेमॉन सेंटरमध्ये जीव भरून या, ते परत आडवे येत नाहीत. आणि अगदीच जमेना तर ब्रॉलीला सोडून पुढे जा. गुहेत स्टीव्हन नावाच्या माणसाला त्याचं पत्र दिलं की रस्ता मोकळा होतो, लेव्हल वाढवून नंतर परत येता येतं. पाचव्या जिमच्या आधी मात्र यावंच लागतं.

सहाव्या खेपेला भाचा जिंकला. घरभर नाचला, तात्यांच्या हातावर टाळी दिली. बक्षीस म्हणून ब्रॉली टीएम ०८ देतो, बल्क अपचा. टीएम म्हणजे पोकेमॉनला नवा डाव शिकवायची वस्तू. या गेममध्ये टीएम एकदाच वापरता येतो. मी चहा ठेवायला आत गेलो तेवढ्यात त्याने तो कोम्बस्कनला शिकवून टाकला होता. कोम्बस्कन २८ लेव्हलला बल्क अप आपणहून शिकतो. मी अजून त्याला सांगितलेलं नाही.