दगडी हस्त कसे पाहावेत?

जुन्या मंदिराच्या मंडपात शिरल्यावर नजर खांबांच्या नक्षीवर किंवा थेट छताकडे जाते. खांबाचा माथा आणि त्यावरील तुळई यांच्या मध्ये दोन किंवा चारही बाजूंना बाहेर आलेला दगड, म्हणजे हस्त, मात्र बहुधा पाहायचा राहून जातो. तो पाहताना त्यावर कोणाची मूर्ती कोरली आहे हे नंतर विचारावे. आधी त्याच्यावर कशाचे ओझे आहे ते शोधावे.

दगड दाब उत्तम सोसतो, पण ताण सोसण्याची त्याची शक्ती फार कमी असते. दोन खांबांवर आडवी ठेवलेली शिळा नुसत्या स्वतःच्या वजनानेही मध्यभागी वाकू पाहते, तिच्या खालच्या अंगाला ताण बसतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. दोन्ही खांबांवरून हस्त पुढे आले की शिळेला आधाराविना पार करावे लागणारे अंतर घटते. हे अंतर 8 फुटांचे असेल आणि दोन्ही हस्त 1-1 फूट पुढे आलेले असतील, तर ते 6 फूट उरते. वाकवणारा जोर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे ढोबळ हिशेबाने तो सुमारे 44 टक्क्यांनी कमी होतो. एवढ्याशा दगडाने साधलेला हा लाभ लक्षात आला की मंडपाची सगळी रचना निराळी दिसू लागते.

म्हणून हस्ताचे निरीक्षण समोरून न करता बाजूने करावे आणि छायाचित्रही बाजूनेच घ्यावे. खरोखर भार वाहणारा हस्त मुळाशी जाड आणि टोकाकडे निमुळता असतो, आणि त्याचा वरचा सपाट पृष्ठभाग तुळईला नीट टेकलेला असतो. महाराष्ट्रातील यादवकालीन मंदिरांत या जागी कीचक दिसतात: फुगलेल्या पोटाचे, गुडघे दुमडून बसलेले, हात वर करून तुळई पेलणारे. एखाद्या कीचकाच्या खांद्यामागे लक्षपूर्वक पाहिले, तर जाड, जवळजवळ न कोरलेला ठोकळा आढळतो. ओझे त्या ठोकळ्यावर असते आणि मूर्ती त्याच्या पुढच्या थरात कोरलेली असते. कठीण बेसॉल्टमध्ये एवढे खोल कोरताना भार वाहणारा गाभा शाबूत ठेवण्याचे भान त्या कारागिरांना होते, हे मला मूर्तीच्या सौंदर्याहूनही मोलाचे वाटते.

लेण्यांमध्ये ही कसोटी उलटी लावावी लागते. वेरूळच्या 21 क्रमांकाच्या लेण्यात ओसरीच्या खांबांवर झाडाखाली डौलात उभ्या असलेल्या स्त्रियांच्या मूर्ती, म्हणजे शालभंजिका, हस्ताच्या जागी आहेत. पण खांब, हस्त आणि छत हे सारे एकाच खडकातून कोरलेले असल्यामुळे तिथे सांधा सापडत नाही. बांधीव इमारतीतला हस्त तिथे केवळ रूपाने उरला आहे. बदामीच्या तिसऱ्या लेण्यातील, 578 सालच्या, युगुलांच्या हस्तांबाबतही हेच म्हणता येईल.

या दोन टोकांच्या मधली स्थिती बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरात दिसते. 1117 मध्ये होयसळ राजा विष्णुवर्धनाच्या काळात उभ्या राहिलेल्या या मंदिरात बाहेर 38 आणि आत 4 मदनिका, म्हणजे सुंदर स्त्रियांच्या मूर्ती, आहेत. बाहेरच्या मदनिका छज्जाखाली तिरप्या बसवल्या असून त्या स्वतंत्र शिळांतून घडवलेल्या आहेत. छज्जाला आधार दिल्याचा भास त्या निर्माण करतात, पण त्यांचे मुख्य काम अलंकरणाचेच आहे. हळेबीडला अशा बऱ्याच मूर्ती आज जागेवर नाहीत. तिथे छज्जाखालच्या रिकाम्या जागा पाहून ही गोष्ट पडताळता येते.

छज्जाचा भार हस्तांनी कसा पेलला जातो हे पाहायचे असेल तर फत्तेपूर सिक्रीला सलीम चिश्तींच्या दर्ग्यातील नागमोडी संगमरवरी हस्तांपाशी थांबावे. तिथल्याच दिवाण-ए-खासमध्ये मधल्या एकाच खांबावरून 36 हस्त चहूबाजूंनी बाहेर येतात आणि वरचा गोल चौथरा पेलतात. छज्जाखालचा हस्त एकीकडे अधांतरी असतो, त्यामुळे त्याचे दुसरे टोक भिंतीत खोल गाडून वरच्या बांधकामाच्या वजनाने दाबलेले असावे लागते. ते शेपूट दिसत नाही, म्हणून हस्ताच्या मुळाशी भिंत किती जाड आहे ते बघावे.

शेवटी तडे तपासावेत. तुळईचा तडा मध्यभागी, खालच्या बाजूला शोधावा. अधांतरी हस्ताचा मात्र मुळाशी, वरच्या बाजूला, कारण तिथे ताण वरच्या अंगाला असतो. यासाठी दुर्बीण आणि सकाळचा तिरपा प्रकाश पुरतो. ताजा तडा कडेला स्वच्छ आणि उजळ दिसतो, जुना धुळीने किंवा शेवाळाने भरलेला असतो. ताजा आढळल्यास हात न लावता, जागेची खूण आणि तारीख लिहून पुरातत्त्व खात्याच्या स्थानिक कार्यालयाला कळवावे.