डायलिसिसवर असताना पोटाची तक्रार आणि रिपोर्ट: या चुका टाळा

डायलिसिसच्या पेशंटला मळमळलं, जेवण नकोसं झालं, की घरचे म्हणतात, 'युरिया वाढला असेल.' पुष्कळदा ते खरंही असतं. पण दर वेळी युरियावर ढकलून मोकळं होणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा संसर्ग किंवा अल्सर असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत.

मग तपासण्या होतात आणि आकड्यांची भीती सुरू होते. अमायलेज आणि लायपेज ही स्वादुपिंडातली पाचक एन्झाइम्स. ती रक्तातून काढून टाकण्यात किडनीचा मोठा वाटा असतो, त्यामुळे किडनी निकामी झाली की ती रक्तात साठतात. समजा रिपोर्टवर लायपेजची वरची मर्यादा ६० छापली आहे आणि आकडा आला १४०. एरवी हा आकडा दचकवणारा. डायलिसिसवर मात्र स्वादुपिंड ठणठणीत असतानाही तो दिसू शकतो. स्वादुपिंडाला सूज आहे असं म्हणायला वरच्या पोटातली तीव्र वेदना, मर्यादेच्या तिपटीहून जास्त एन्झाइम आणि स्कॅनमधला पुरावा, यांपैकी किमान दोन गोष्टी लागतात. म्हणून नुसत्या आकड्याने घाबरू नका, आणि पाठीपर्यंत जाणारी कळ असेल तर 'डायलिसिसमुळे वाढतंच' म्हणून घरी बसू नका. रक्त कधी घेतलं हेही पाहा. डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपारिनमुळे लायपेज वाढलेलं दिसू शकतं. नमुना मशीन सुरू होण्याआधीचा बरा.

पेप्सिनोजेन, म्हणजे जठराच्या अस्तरात तयार होणारा पाचक एन्झाइमचा कच्चा घटक, यात फसगत उलटी होते. जठराचं अस्तर झिजलंय का, हे पाहण्यासाठी रक्तातलं पेप्सिनोजेन-१ दर मिलिलिटरला ७० नॅनोग्रॅम किंवा कमी आणि त्याचं पेप्सिनोजेन-२ शी गुणोत्तर ३ किंवा कमी, असा निकष सर्रास वापरतात. किडनी काम करत नसली की पेप्सिनोजेनही रक्तात साचतं. म्हणजे झीज असूनही आकडा 'नॉर्मल' येऊ शकतो. शंका असेल तर एंडोस्कोपी आणि बायोप्सीच खरी.

जंतूसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची तर पँटोप्राझोलसारख्या ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद हवं. नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. गोळ्या बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच. रक्तातल्या अँटिबॉडीवरून 'बरा झालो' ठरवू नका, त्या उपचारांनंतरही बराच काळ टिकतात.

दुसऱ्याची चिठ्ठी दाखवून या जंतूवरच्या औषधांचा तोच कोर्स आणणं तर धोक्याचंच. अमोक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन या त्यातल्या अँटिबायोटिकचा डोस डायलिसिसवर कमी करावा लागतो. अमोक्सिसिलिन डायलिसिसमध्ये धुऊन निघतं, म्हणून त्या दिवशीचा डोस नंतर घ्यायचा. अशा काही कोर्समध्ये असणारं बिस्मथ शरीरात साठून मेंदूवर परिणाम करू शकतं. जळजळीवरच्या पातळ औषधाच्या बाटलीवर मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम लिहिलेलं असेल तर ती परत ठेवा. अल्सरवरच्या सुक्रालफेटमध्येही ॲल्युमिनियम असतं.

लोहाच्या गोळ्यांनी शौच काळसर होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तिथेच घात होतो. डांबरासारखं चिकट, उग्र वासाचं शौच किंवा रक्तवाढीचं इंजेक्शन चालू असूनही घसरणारं हिमोग्लोबिन म्हणजे आतून रक्तस्राव असू शकतो. असं शौच झालं तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता लगेच हॉस्पिटल गाठा, आणि मशीन लावण्याआधी टेक्निशियनला हे सांगा, म्हणजे डॉक्टरांना विचारून हेपारिनशिवाय डायलिसिस करता येईल.